हयातीचा दाखला

काकांची एक वही आहे. शाळेतून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षे झाली होती, तरी रोजची नोंद करण्याची सवय सुटलेली नव्हती. डाव्या पानावर त्या दिवशीचा पाऊस मिलिमीटरमध्ये आणि उजव्या पानावर घरातल्या घडामोडी: पंप बिघडला, गाय व्याली, पोस्टमन येऊन गेला. २०२१ च्या दसऱ्याला मी गुहागर तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो, तेव्हा पूजा आटोपल्यावर त्यांनी ती वही माझ्यासमोर उघडली आणि एका ओळीवर बोट टेकवले. १ ऑक्टोबर, शुक्रवार. ‘संगणकाला तारीख नीट घालूनही इंटरनेटवरची पाने उघडत नाहीत. माझे काही चुकत असावे.’ पुढच्या चौदा दिवसांत ही नोंद त्यांनी नऊ वेळा केली होती आणि प्रत्येक वेळी शेवटचे वाक्य तेच होते.

ते वाक्य मला फार लागले. चूक त्यांची नव्हती. ती कशामुळे झाली आणि नेमक्या कोणत्या क्षणापासून झाली, हे नुसत्या त्या तारखेवरूनही मला ओळखता यायला हवे होते, कारण संगणक आणि सर्व्हर सांभाळण्याच्या कामावरच माझे पोट चालते.

काकांचा संगणक २०१२ मध्ये चिपळूणच्या एका दुकानदाराने सुटे भाग जोडून तयार करून दिलेला, विंडोज ७ वर चालणारा. त्यावर काका रोज सकाळी पावसाचा अंदाज पाहतात, वर्तमानपत्र वाचतात, महिन्याच्या सुरुवातीला निवृत्तिवेतन जमा झाले का ते तपासतात आणि उरलेल्या वेळात जुन्या मराठी मासिकांचे छायांकित अंक एकेक करून वाचून काढतात. कोकणात मृग लागला की विजांच्या भीतीने घरातले सगळे प्लग संध्याकाळी काढून ठेवायचे, हा शिरस्ता संगणकालाही लागू होता. संगणक बंद असला तरी जोवर प्लग लावलेला असतो, तोवर त्याच्या मुख्य पाटीवरचे घड्याळ भिंतीतल्या विजेवर चालू राहते. प्लग काढला की ते जबाबदारी टाकते एका गोल, चपट्या बटन सेलवर. सीआर २०३२ या त्याच्या नावातच त्याचे माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. हा ३ व्होल्टचा सेल काही वर्षे निमूटपणे काम करतो आणि एक दिवस संपतो. नऊ पावसाळ्यांच्या रात्री त्याने एकट्याने काढल्या होत्या. त्या वर्षीच्या जूनपासून काकांचा संगणक दररोज सकाळी १ जानेवारी २००९ या तारखेला जागा होऊ लागला.

जुलैत त्यांचा फोन आला होता, एकही पान उघडत नाही म्हणून. मी फोनवरच तारीख कशी बदलायची ते सांगितले, त्यांनी बदलली, आणि पाने उघडली. सेल बदलायला हवा हे मला तेव्हाच कळले होते, पण त्याच महिन्यात २२ तारखेला चिपळूणला महापूर आला आणि ज्याने संगणक जोडून दिला होता त्या माणसाच्या दुकानात छातीपर्यंत पाणी चढले. ‘त्याच्या घरात चिखल असताना मी त्याला माझ्या घड्याळासाठी कसा बोलावू?’ असे काका म्हणाले, आणि मलाही ते पटले. तेव्हापासून रोज सकाळी चहाआधी भिंतीवरच्या कालनिर्णयातून तारीख आणि मनगटावरच्या घड्याळातून वेळ पाहून ते संगणकाला घालत. अडीच महिने त्यांनी हे न चुकता केले.

संगणकाने इंटरनेटवरून स्वतःच वेळ का मागून घेतली नाही, असे कोणी विचारील. विंडोजमध्ये तशी सोय आहे, परंतु घरगुती संगणकावर तिच्या नेहमीच्या मांडणीत १५ तासांची मर्यादा घातलेली असते. त्याहून मोठा फरक दिसला तर ती आपणहून दुरुस्ती करत नाही, कारण इतका मोठा फरक घड्याळ मागे पडल्याचा असेल तसाच कोणी मुद्दाम खोटी वेळ पाठवत असल्याचाही असू शकतो. बारा वर्षांची तफावत ती भरून काढणार नव्हती.

तारीख चुकली तर सुरक्षित पान का उघडू नये, हे काकांना जुलैतच विचारायचे होते, पण फोनवर ते राहून गेले. दसऱ्याच्या दुपारी त्यांनी विचारले तेव्हा मी सांगितले की, पत्त्याआधी कुलपाचे चिन्ह असलेले प्रत्येक संकेतस्थळ आपले प्रमाणपत्र ब्राउझरला दाखवते. त्या प्रमाणपत्रावर ते कोणाचे आहे, कोणी दिले आहे, ते कोणत्या दिवसापासून व कोणत्या दिवसापर्यंत वैध आहे, हे सारे लिहिलेले असते. ब्राउझर त्या दोन तारखा आपल्या संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. घड्याळ २००९ दाखवत असेल, तर २०२१ मध्ये दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र त्याच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेले नसते.

काका थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘म्हणजे आमचा हयातीचा दाखला.’ सरकारी निवृत्तिवेतन घेणाऱ्याला वर्षातून एकदा, सहसा नोव्हेंबरात, आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. माणूस खिडकीसमोर उभा असला तरी दाखल्याशिवाय वेतन पुढे जात नाही. मी इतकी वर्षे हे काम करतो आहे, पण याहून नेमकी उपमा मला सुचली नव्हती.

जुलैचा दोष अशा रीतीने उलगडला होता. ऑक्टोबरचा दोष वेगळा होता आणि त्याने जुलैच्या दोषाचेच रूप घेतले होते. तारीख बरोबर असताना बँकेचे पान उघडत होते, शोधयंत्र उघडत होते, परंतु मासिकांचे संकेतस्थळ आणि काकांच्या रोजच्या वाचनातली आणखी तीन-चार पाने उघडत नव्हती. पडद्यावर लाल त्रिकोण येई आणि खाली बारीक अक्षरांत ‘नेट ईआरआर सर्ट डेट इनव्हॅलिड’. प्रमाणपत्राची तारीख अवैध आहे, एवढाच त्याचा अर्थ. ज्या माणसाला अडीच महिने तारखेनेच अडवले, त्याने हे वाचून पुन्हा कालनिर्णयाकडे पाहावे, पुन्हा मनगटाकडे पाहावे, तारीख तीनदा घालावी आणि शेवटी वहीत ‘माझे काही चुकत असावे’ असे लिहावे, यात नवल नाही. संदेश खोटा नव्हता. कोणाची तारीख, एवढे मात्र त्याने सांगितले नव्हते.

शेजारच्या एका महाविद्यालयीन मुलाने त्यांना एक उपाय सुचवला होता. त्या इशाऱ्याच्या पानावर ‘प्रगत’ असे बटण असते, ते दाबले की खाली ‘तरीही पुढे जा’ असा दुवा दिसतो. काकांनी तो वापरला नव्हता. ‘समोरचा सांगतो आहे की ओळख पटत नाही, मग मी आत कशाला जाऊ?’ हे त्यांचे म्हणणे. त्यांच्या या एका नकाराबद्दल मला जितका आदर वाटला, तितका या क्षेत्रातल्या फार थोड्या माणसांबद्दल वाटला आहे. आपण सर्वांनी तो दुवा इतक्या वेळा दाबला आहे, की इशारा हा वाटेतला दगड आहे आणि तो ओलांडणे म्हणजेच दुरुस्ती, अशी आपली समजूत झाली आहे. काही संकेतस्थळांनी ब्राउझरला आधीच बजावून ठेवलेले असते की आमच्या बाबतीत असा दुवा दाखवूच नका. तिथे लोक चिडतात, पण तिथेच ब्राउझर आपले काम सर्वांत चोख करत असतो.

ही भीती पुस्तकी नाही. २०११ मध्ये नेदरलँड्समधल्या डिजिनोटार या प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीत घुसखोरी झाली, गूगलच्या नावाने खोटी प्रमाणपत्रे निघाली आणि ती इराणमधल्या लोकांचा पत्रव्यवहार वाचण्यासाठी वापरली गेली. त्याच वर्षी सप्टेंबरात ती कंपनी दिवाळखोर झाली. आपल्याकडेही जुलै २०१४ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या प्रमाणपत्र-व्यवस्थेतून गूगलच्या पत्त्यांसाठी अनधिकृत प्रमाणपत्रे निघाल्याचे गूगलला आढळले. त्या व्यवस्थेच्या माथ्यावर असलेल्या, प्रमाणपत्रे देणाऱ्यांवर देखरेख करणाऱ्या भारतीय नियंत्रकांचे नाव, कोणाची प्रमाणपत्रे मानायची याच्या विंडोजच्या यादीत होते, म्हणून विंडोजवरच्या बहुतेक कार्यक्रमांनी ती खरी मानली असती. फायरफॉक्स हा ब्राउझर तेवढा वाचला, कारण तो विंडोजची यादी वापरत नाही, स्वतःची वेगळी यादी बाळगतो आणि त्या यादीत हे नाव नव्हते. फायरफॉक्सचा हा वेगळेपणा मला त्या दसऱ्याच्या रात्री उपयोगी पडला.

रात्री जेवणे झाल्यावर आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. संगणकावर झेंडूचे फूल तसेच होते, पाटीपूजनातली सरस्वती शेजारी टेकवलेली होती. अशा तक्रारीची इतर कारणे मी आधी दूर केली. कधी कधी ब्राउझर इतका जुना असतो की त्याला टीएलएस या सुरक्षित संभाषणाच्या नियमांची फक्त १९९९ ची किंवा २००६ ची आवृत्ती येते आणि संकेतस्थळांनी तर त्या आवृत्त्या सोडून दिलेल्या असतात. काकांचा ब्राउझर, क्रोम, नवा होता आणि तसा दोष असता तर संदेशही वेगळा, नियमावलीच्या चुकीचा आला असता. कधी विषाणूरोधक कार्यक्रम मध्ये बसून प्रत्येक पानाला स्वतःचेच प्रमाणपत्र चिकटवतो. तेव्हा तक्रार येते ती प्रमाणपत्र देणाराच अनोळखी असल्याची. इथे तसा कार्यक्रमच नव्हता.

मग काकांनी एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी वहीत लिहिली नव्हती. तेच पान त्यांच्या फोनवर उघडत होते. फोन सहा वर्षांचा, अँड्रॉइड ६ वर चालणारा. संगणक त्याच फोनच्या इंटरनेटवर जोडलेला असे, म्हणजे लाइनचा दोष नव्हता. मी संगणकावरच पडून राहिलेला फायरफॉक्स उघडला, त्यात तोच पत्ता घातला आणि मासिकांचे मुखपृष्ठ समोर आले. एकाच यंत्रावर, एकाच घड्याळाच्या साक्षीने, एक ब्राउझर पान उघडतो आणि दुसरा उघडत नाही, याचा अर्थ घड्याळ निर्दोष आहे आणि दोष त्या दोघांच्या वेगवेगळ्या यादीत आहे. त्या काळात विंडोजवरचा क्रोम विंडोजच्याच यादीवर विसंबून असे.

क्रोममध्ये पत्त्याच्या डाव्या बाजूला ‘सुरक्षित नाही’ असे लिहिलेले होते. त्यावर टिचकी मारून मी प्रमाणपत्र उघडले आणि त्यातला तिसरा भाग, प्रमाणपत्राची साखळी दाखवणारा, काकांसमोर धरला. पूर्वी बँकेत खाते उघडताना एखाद्या जुन्या खातेदाराची ओळख म्हणून सही लागत असे. इथेही तसेच आहे. संकेतस्थळाची ओळख एक मधला देतो, त्या मधल्याची ओळख त्याच्यावरचा देतो आणि सर्वांत वर एक मूळ प्रमाणपत्र असते, ज्याची ओळख कोणीच देत नाही. ते आधीपासून संगणकाच्या यादीत असावे लागते. काकांच्या पडद्यावर साखळीच्या अगदी वरच्या नावापुढे लाल फुली होती. ते नाव होते डीएसटी रूट सीए एक्स३. वैधता, ३० सप्टेंबर २००० पासून ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत. काकांची पहिली नोंद त्याच्या दुसऱ्या दिवशीची होती.

त्या मूळ प्रमाणपत्राची मुदत भारतीय वेळेनुसार संध्याकाळी ७ वाजून ३१ मिनिटे १५ सेकंदांनी संपली. गावी तेव्हा दिवेलागण होऊन गेलेली असणार आणि काकांनी प्लग काढून ठेवलेला असणार. मी पुण्यात होतो आणि त्या संध्याकाळी मुद्दाम जागेवर बसून होतो, कारण जगातल्या असंख्य जुन्या यंत्रांना त्या क्षणानंतर अडचण येणार हे आमच्या क्षेत्रात कित्येक महिने आधीपासून ठाऊक होते. कंपनीचे सर्व्हर मी एकेक करून तपासले, कोणत्या ग्राहकाची यंत्रे जुनी आहेत याची यादीही केली. काकांचा संगणक माझ्या मनात आला नाही. पंधरा दिवसांपूर्वी एक फोन केला असता, तर वहीतल्या नऊ नोंदी झाल्या नसत्या.

या प्रकरणात लबाडी कोणाचीच नव्हती. लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा डिसेंबर २०१५ मध्ये सर्वांसाठी खुली झाली. ती ९० दिवसांची प्रमाणपत्रे फुकट देते, म्हणून लहान वाचनालये, हौशी संग्राहक, गावोगावच्या संस्था यांना आपली पाने सुरक्षित करता आली. मासिकांचे ते संकेतस्थळही त्यांपैकीच. नव्या सेवेचे स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, आयएसआरजी रूट एक्स१, सुरुवातीला कोणाच्याच यादीत नव्हते, म्हणून तिने एका जुन्या, सर्वत्र परिचित असलेल्या मूळ प्रमाणपत्राची ओळख घेतली. तो जुना ओळख देणारा म्हणजेच डीएसटी रूट सीए एक्स३. त्याची मुदत संपेपर्यंत नवे नाव बहुतेक यंत्रांच्या यादीत पोहोचले होते, फायरफॉक्सच्या यादीत तर २०१६ पासूनच. विंडोजही गरज पडेल तेव्हा असे नाव आपणहून मागवून घेते. काकांच्या संगणकात मात्र ही मागवण्याची सोयच बंद होती. संगणक जोडणाऱ्याने २०१२ मध्ये सगळी आपोआप होणारी अद्ययावतता थांबवून ठेवली होती, कारण तेव्हा डोंगलवर महिन्याला मोजका डेटा मिळे आणि तो विंडोजने खाऊन टाकू नये, एवढाच त्याचा हेतू होता. तो हेतू चांगलाच होता. नऊ वर्षांनी त्याची किंमत कशी चुकवावी लागेल, हे त्याला कळणे शक्य नव्हते.

आणि फोन? तो जुना असूनही कसा चालला? जुन्या अँड्रॉइडमध्ये यादीतल्या मूळ प्रमाणपत्राची मुदत तपासलीच जात नाही. हे ध्यानात घेऊनच लेट्स एन्क्रिप्टने जुन्या ओळखीची सही २०२४ पर्यंत वाढवून घेतली होती, म्हणजे त्या फोनांना गैरसोय होऊ नये. फोन उघडत होता तो न पाहिल्यामुळे आणि संगणक अडत होता तो नीट पाहिल्यामुळे. काकांना हे समजल्यावर त्यांनी संगणकाकडे पाहिले, ते एखाद्या विद्यार्थ्यावर विनाकारण रागावल्यानंतर पाहावे तसे.

उपाय छोटा होता, पण त्यातली एक पायरी घाईने करण्यासारखी नव्हती. नवे मूळ प्रमाणपत्र म्हणजे दोन किलोबाइटांपेक्षाही लहान फाइल. ती मी माझ्या लॅपटॉपवर उतरवून पेनड्राइव्हने संगणकात आणली. परंतु मूळ प्रमाणपत्र एकदा यादीत घातले की ते ज्याची ओळख देईल त्याला तो संगणक यापुढे निमूटपणे आत घेणार. चुकीची फाइल घातली, तर घराची किल्लीच दिल्यासारखे. म्हणून तिचा ठसा, म्हणजे त्या फाइलवरून काढलेली अक्षरे-आकड्यांची ओळखखूण, खऱ्या ठशाशी जुळवून पाहावा लागतो. विंडोज ७ हा ठसा दोन-दोन अक्षरांच्या वीस जोड्यांत दाखवते. लॅपटॉपवर काका बसले, संगणकावर मी. त्यांनी हजेरी घेण्याच्या आवाजात वाचायला सुरुवात केली: ‘सीए. बीडी. दोन ए. सात नऊ. ए एक. शून्य सात.’ मी प्रत्येक जोडीला ‘हो’ म्हणत गेलो. शेवटची जोडी ‘ई आठ’ जुळली, तेव्हा त्यांनी विसाव्या जोडीवर थांबून पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचले, कारण परीक्षेच्या गुणपत्रिका ते नेहमी दोनदा तपासत. मग ती फाइल मी विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रांच्या यादीत घातली, क्रोम बंद करून पुन्हा उघडला, आणि मासिकाचे मुखपृष्ठ कुलपाच्या चिन्हासकट आले. अद्ययावततेची बंद केलेली सोयही मी चालू केली.

त्यांनी त्या रात्री एकही अंक वाचला नाही. कुलपावर टिचकी मारून पुन्हा साखळी पाहिली, वरच्या नावाची मुदत वाचली आणि वहीत लिहिली: आयएसआरजी रूट एक्स१, ४ जून २०३५ पर्यंत. मग बोटांवर हिशेब करून म्हणाले, ‘तेव्हा मी नव्वदीत असेन.’

एक गोष्ट मी त्यांना स्पष्ट सांगितली. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० रोजीच संपलेला आहे, तेव्हा वाचनासाठी हा संगणक ठीक, पण बँकेचे पान यापुढे यावर उघडू नका. यादी नवी केली म्हणून यंत्र नवे होत नाही. त्यांनी तेही लिहून घेतले, तारखेसह.

शनिवारी आम्ही गुहागरच्या बाजारात गेलो. बटन सेल एका घड्याळ दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाला. घरी येऊन मी संगणकाची डावी पाटी उघडली, आतली नऊ वर्षांची धूळ ब्रशने काढली, खाचेतला जुना सेल नखाने उचकून बाहेर काढला आणि नवा बसवला. तारीख आणि वेळ काकांनीच घातली, कालनिर्णयात पाहून. संध्याकाळी परतीच्या पावसाचे ढग आले, गुहागरच्या बाजूला वीज चमकली आणि काकूंनी नेहमीसारखे घरभर फिरून सगळे प्लग काढले.

रविवारी सकाळी मी उठलो तेव्हा काका आधीच संगणकासमोर होते. चहा शेजारी निवत होता. उजव्या कोपऱ्यात १७ ऑक्टोबर २०२१ ही तारीख आणि सहा वाजून बारा मिनिटे. त्यांनी मनगटावरचे घड्याळ त्याच्याजवळ नेऊन धरले, दोन्हींची मिनिटे एका वेळी पुढे सरकेपर्यंत ते तसेच थांबले, आणि मग वही ओढून डाव्या पानावर रात्रीचा पाऊस लिहिला. उजव्या पानावर १ ऑक्टोबरची नोंद त्यांनी शोधून काढली आणि तिच्यातले शेवटचे वाक्य एका सरळ रेघेने खोडले. मग पान उलटून दुसऱ्या नोंदीवर आले.